बॉम जीझसच्या बॅसिलिकेच्या भिंती तांबड्या का, आणि त्यांना पुन्हा चुन्याचा गिलावा द्यावा का?

प्रश्न असा आहे: जुन्या गोव्यातील बहुतेक मोठी चर्चे पांढरीशुभ्र असताना बॉम जीझसची बॅसिलिका तेवढी उघड्या तांबड्या जांभ्याची का दिसते? ती मुळात तशीच बांधली होती का? तिला पुन्हा गिलावा द्यावा ही मागणी योग्य आहे, की त्यामुळे एक ऐतिहासिक वास्तू विद्रूप होईल? प्रश्नकर्ते पावसाळा संपल्यावर कुटुंबासह तेथे जाणार आहेत आणि तेथे नेमके काय पाहावे, असेही त्यांनी विचारले आहे.

कोकणातील आणि गोव्यातील जांभ्या-चुन्याच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम मी पंचवीसहून अधिक वर्षे करीत आहे. माझे मत प्रथमच सांगतो. या चर्चच्या भिंती उघड्या राहाव्यात म्हणून बांधलेल्या नव्हत्या. त्यांवर चुन्याचा गिलावा होता आणि तो १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत काढून टाकण्यात आला. तो पुन्हा द्यायला हवा. परंतु घाईने नव्हे आणि सिमेंटचा तर मुळीच नव्हे. हे मत मी कशाच्या आधारे मांडतो, ते समजण्यासाठी आधी ही इमारत आणि तिचा दगड यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

चर्चचे बांधकाम २४ नोव्हेंबर १५९४ रोजी सुरू झाले आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. ते येशूसंघाचे, म्हणजे जेझुइटांचे चर्च. खर्चाचा मोठा भाग कोचीनचे कप्तान जेरोनिमो माश्कारेन्हाश यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या संपत्तीतून झाला आणि त्यांचे स्मारक आजही सभामंडपात भिंतीशी आहे. मराठी वाचकांना ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून परिचित असलेले फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे होते. ते १५७९ मध्ये गोव्यात आले होते आणि हे चर्च उभे राहत असताना दक्षिण गोव्यातील साष्टीत काम करीत होते. चर्चला लागून दक्षिणेला संघाचे निवासस्थान आहे, ज्याला ‘काझा प्रोफेसा’ म्हणतात. सतराव्या शतकातील एका आगीत ते बरेचसे जळाले आणि पुढे पुन्हा बांधले गेले. १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून घालवून देण्यात आले, १९४६ मध्ये या चर्चला ‘बॅसिलिका’ हा पोपकडून दिला जाणारा विशेष दर्जा मिळाला आणि १९८६ मध्ये गोव्यातील चर्चे आणि मठ यांच्या समूहाबरोबर ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

मोजमापे ध्यानात ठेवावीत, कारण पावसाचा विचार करताना ती उपयोगी पडतात. चर्चची लांबी सुमारे ५६ मीटर, रुंदी सुमारे १७ मीटर आणि आतील उंची साडेअठरा मीटरच्या आसपास आहे. पश्चिमेकडे तोंड केलेला दर्शनी भाग जवळजवळ २४ मीटर उंच आहे. इतक्या उंच भिंतीला खालपर्यंत आडोसा देणारी पागोळी असूच शकत नाही. आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांश चार महिन्यांत आणि नैर्ऋत्येकडून आडवा.

आता दगडाविषयी. भिंती जांभ्याच्या आहेत. गोव्यात आणि तळकोकणात ज्याला आपण चिरा म्हणतो तोच हा दगड. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळमधील अंगाडीपुरम येथे तो पाहून १८०७ मध्ये त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून; आणि ते नाव सार्थ आहे, कारण खाणीतून निघताना हा दगड इतका मऊ असतो की धारदार पात्याने तो विटेसारखा तासता येतो आणि उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो. लोहाच्या आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांची एक जाळी आणि त्या जाळीच्या छिद्रांत अडकलेली पिवळट-पांढरट चिकणमाती, अशी त्याची रचना असते. जाळी टणक असते, माती मात्र पाण्याबरोबर वाहून जाते. उघड्या चिऱ्यावर वर्षानुवर्षे पाऊस आदळला की प्रथम माती धुऊन जाते, मग आधार गेलेल्या जाळीच्या पातळ भिंती कण्याकण्याने तुटतात, दगडाच्या अंगावरील खळगे मोठे होतात आणि त्या खळग्यांत पाणी अधिक काळ थांबू लागते. म्हणजे झीज जितकी झाली, तितका पुढच्या झिजेचा वेग वाढतो.

यावर कोकणातील कोणीही लगेच विचारील की आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिऱ्याची घरे, कुंपणे, विहिरी पिढ्यान्‌पिढ्या उघड्या आहेत, त्यांना काय झाले? प्रश्न रास्त आहे. जुन्या कोकणी घराची भिंत फार तर दहा-बारा फूट उंच असे, तिच्यावर छपराचा दीड-दोन हात पुढे आलेला भाग असे, जोते उंच असे आणि तरीसुद्धा मिरगाच्या आधी पावसाच्या बाजूला नारळीच्या झापांची झड बांधल्याशिवाय कोणी राहत नसे. शिवाय चिरा निवडून घेतला जाई: वरच्या कडक थराचा बाहेरच्या बाजूस, खालच्या मऊ थराचा आत किंवा गिलाव्याखाली. बॉम जीझसच्या बांधकामात ना पागोळीचा आडोसा आहे, ना झडीची सोय आहे, आणि तेथील चिरा गिलाव्याखाली झाकला जाणार हे गृहीत धरूनच लावलेला होता. सांधे, छोट्या चिपा घालून केलेले भराव, चिऱ्यांच्या असमान कडा या सगळ्या गोष्टी पाहणाऱ्याला हेच सांगतात. डोळ्यांनी पाहण्यासाठी घडवलेली चिऱ्याची भिंत वेगळी असते. तिचे चिरे घासून, काटकोनात, पातळ दरजांवर बसवलेले असतात.

पाहण्यासाठी घडवलेला दगड या इमारतीत आहेच, पण तो जांभा नव्हे. दर्शनी भागावरील खांब, पट्टे, चौकटी आणि सर्वांत वर ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरे धारण करणारी शिळा यांच्यासाठी काळा घट्ट दगड वापरला आहे आणि तो वसईहून समुद्रमार्गाने आणलेला आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकली तीच ही वसई. १५३४ पासून ती पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे होती आणि सह्याद्रीचा तो दगड बारीक कोरीवकाम धरून ठेवतो, जे जांभ्याला कधीच जमत नाही. पोर्तुगीज बांधणीची ही सर्वत्र आढळणारी रीत आहे: कोपरे, चौकटी आणि खांब घडीव दगडात, आणि त्यांच्यामधली भिंत चुन्याने पांढरी. पांढऱ्या भिंतीवर काळसर दगडाच्या रेघा स्पष्ट उठून दिसतात आणि इमारतीचे मजले व उभे भाग लांबूनही कळतात. आज तांबड्या खडबडीत भिंतीवर त्याच रेघा बुजून जातात. लोक त्या तांबूसपणाला ‘मूळचे सौंदर्य’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटते, कारण वसईहून इतक्या कष्टाने आणलेला दगड ज्या कामासाठी होता, ते काम त्याला आता करता येत नाही.

गिलावा ही भिंतीवरची सजावट होती असे समजण्यात मोठी चूक आहे. चुन्याचा गिलावा हा भिंतीचा झिजण्यासाठी दिलेला थर असतो. तो पाऊस प्रथम स्वतःवर घेतो, थोडे पाणी शोषतो आणि ऊन पडताच ते वाफेच्या रूपाने परत सोडतो. त्याची छिद्रे बारीक आणि एकमेकांना जोडलेली असल्याने आतील ओलही बाहेर येऊ शकते. जमिनीतून किंवा पाण्यातून भिंतीत आलेले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागाकडे येतात आणि पाणी उडून गेले की तेथेच स्फटिक होऊन फुगतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागणे म्हणतो. गिलावा असेल तर हे फुगणे गिलाव्यात होते, तो सुटतो आणि आपण तो नवा देतो. गिलावा नसेल तर तेच फुगणे दगडाच्या कातडीत होते आणि दगड नवा देता येत नाही. ‘झिजायचे ते चुन्याने झिजावे’ असे जुने गवंडी म्हणत, त्याचा अर्थ हाच.

मग तो काढला का? १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो हे पोर्तुगीज वास्तुविशारद जुन्या गोव्यातील स्मारकांच्या कामासाठी पाठवले गेले होते. पोर्तुगालमध्ये सरकारी स्मारक खात्याने, जे १९२९ मध्ये स्थापन झाले, मध्ययुगीन चर्चांवरील नंतरच्या काळातील थर काढून ती ‘शुद्ध’ दगडी रूपात आणण्याचा सपाटा लावला होता आणि कास्त्रो त्याच परंपरेतील अधिकारी होते. तेथील मध्ययुगीन चर्चांपैकी अनेक ग्रॅनाइटची. ग्रॅनाइट उघडा राहिला तर फारसे बिघडत नाही. तीच कल्पना जांभ्याला लावली गेली. काळही तसाच होता: भारत स्वतंत्र झालेला, गोव्यावरील हक्क ‘चार शतकांच्या वारशा’च्या आधारे जगापुढे मांडण्याची लिस्बनला गरज भासत होती, आणि ज्यांचा देह या चर्चमध्ये आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या निधनाचे १९५२ हे चारशेवे वर्ष होते. उघडा, खडबडीत, काळवंडलेला दगड पांढऱ्या भिंतीपेक्षा अधिक प्राचीन दिसतो. अनेक अभ्यासकांनी या कामामागे हा राजकीय हेतू पाहिला आहे आणि मला तो पटतो. म्हणजे ज्या रूपाला आज आपण चारशे वर्षांचे समजतो, ते जेमतेम सत्तर वर्षांचे आहे.

येथे आतील भागाविषयी सविस्तर बोलले पाहिजे, कारण बाहेरच्या भिंतीची चर्चा करताना आपण तो विसरतो आणि खरे तर चिंता तेथेच आहे. या चर्चला सरसकट बारोक, म्हणजे युरोपातील सतराव्या शतकाच्या भव्य, नाट्यमय शैलीचे, म्हटले जाते. काटेकोरपणे पाहिले तर दर्शनी भागाची मांडणी त्याआधीच्या रेनेसांस शैलीच्या उत्तरकाळाची आहे: प्रवेशद्वारे, त्यांच्यावर मोठ्या चौकोनी खिडक्या, त्यांच्यावर वर्तुळाकार झरोके, आणि त्यांच्या कडांनी ग्रीक-रोमन पद्धतीचे स्तंभ मजल्यागणिक बदलत गेलेले. बारोकचा खरा प्रत्यय आत शिरल्यावर येतो. रोममधील ‘जेझू’ या जेझुइटांच्या मुख्य चर्चप्रमाणे येथेही बाजूच्या खांबओळी नाहीत. एकच मोठा सभामंडप आहे, जेणेकरून उपदेश प्रत्येकाला ऐकू जावा आणि वेदी प्रत्येकाला दिसावी. भिंती साध्या, उजेड मोजका, आणि समोर पूर्ण उंचीभर सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी वेदी: खाली बाळ येशू, त्यावर संत इग्नेशियस लोयोला यांची सुमारे तीन मीटरची मूर्ती, त्यांची नजर वरच्या किरणमंडित ‘आयएचएस’कडे, आणि त्याहून वर त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. पाहणाऱ्याची नजर पायरी-पायरीने वर नेण्याची ही योजना आहे. अंधाऱ्या मंडपातून त्या सोन्याकडे पाहताना आपण नकळत आवाज खाली आणतो.

उजव्या बाजूला संत झेवियर यांची समाधी आहे. ते ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियान बेटावर वारले. देह १५५४ मध्ये गोव्यात आला आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाल्यानंतर या चर्चमध्ये हलवण्यात आला. चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्यावर संतचरित्राचे ३२ प्रसंग आहेत. जिच्यावर ती पेटी ठेवली आहे ती संगमरवराची आणि रंगीत दगडांची बैठक तस्कनीचे ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरे यांची भेट आहे. फ्लॉरेन्सचे शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी ती घडवली आणि १६९८ मध्ये ती येथे बसवण्यात आली. बैठकीच्या चार बाजूंना ब्राँझच्या चार पट्टिका आहेत. फ्लॉरेन्सच्या बारोक शिल्पकाराचे काम आणि त्याच्यावर गोव्याच्या रुपेकारांचे काम, असा हा संगम पाहण्यासाठी लोक दूरदेशांहून येतात.

आता या सर्वांचा भिंतीच्या ओलीशी काय संबंध? सोन्याचा मुलामा थेट लाकडावर नसतो. लाकडावर सरस आणि खडू यांचे पांढरे थर, त्यावर तांबूस मातीचा एक मऊ थर आणि मग सोन्याचा वर्ख, असा तो रचलेला असतो. हवेतील ओल वाढली की लाकूड फुगते, कमी झाली की आकसते. खडू-सरसाचा थर मात्र त्या मापाने हलत नाही. तो प्रथम तडकतो, मग लाकडापासून सुटतो आणि वर्खासकट पापुद्र्याने गळतो. सरस हे बुरशीचे आवडते खाद्य आहे आणि ओलसर लाकूड वाळवीचे. भिंती जाड असल्यामुळे पावसाळ्यात शोषलेले पाणी दसरा-दिवाळीनंतरही कित्येक आठवडे आत सुटत राहते. बाहेर ऊन पडलेले असते, आत मात्र हवा दमट असते. आतील सोन्याला वाचवायचे तर बाहेरची भिंत कोरडी राहिली पाहिजे आणि बाहेरची भिंत कोरडी राहण्याचा या इमारतीतील मूळ उपाय चुना हाच होता. अलीकडच्या वर्षांत या बॅसिलिकेची जबाबदारी असलेल्या धर्मगुरूंनीही दगडाची झीज आणि पाण्याचा शिरकाव यांकडे जाहीरपणे लक्ष वेधले आहे आणि गिलाव्याची मागणी केली आहे. ती केवळ भाविकांची हळवी मागणी नाही, तिला बांधकामशास्त्राचा आधार आहे.

विरोधातील मुद्द्यांपैकी दोन गंभीर आहेत. पहिला असा की १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार, म्हणजे वास्तुजतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनुसार, वास्तूवरील प्रत्येक काळाच्या योगदानाचा आदर राखायचा असतो. मग १९५० च्या दशकाचा थरही इतिहासच नव्हे का? माझे उत्तर असे की त्या दशकाने या वास्तूला काही दिले नाही, तिच्यातून काही काढून घेतले. योगदान जपण्याचे तत्त्व आहे, उणीव जपण्याचे नाही, आणि जेथे ती उणीवच मूळ दगड नष्ट करीत आहे तेथे तर मुळीच नाही. हे प्रकरण विसरले जाऊ नये, म्हणून गिलावा काढलेल्या अवस्थेची संपूर्ण मोजणी आणि छायाचित्रण करून ठेवावे, आणि एखादा आडोशाचा छोटा तुकडा उघडा ठेवावा. एवढे पुरेसे आहे. दुसरा मुद्दा लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे. दोन-तीन पिढ्यांनी हे चर्च तांबडेच पाहिले आहे. नोव्हेंबरमधील नोव्हेनांना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, आणि ३ डिसेंबरच्या ‘सायबाच्या फेस्ता’ला येणाऱ्या माणसाच्या मनात ‘गोंयच्या सायबा’चे, म्हणजे संत झेवियर यांचे, घर म्हणजे हीच तांबडी भिंत आहे. हा जिव्हाळा मी हलक्याने घेत नाही. म्हणूनच हे काम रातोरात, ताडपत्र्यांमागे झाकून करू नये. जुनी छायाचित्रे आणि रेखाचित्रे चर्चच्या आवारातच मांडून, लोकांशी बोलून, टप्प्याटप्प्याने करावे असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष काम. क्रम चुकला तर चांगला चुनाही वाया जातो. प्रथम छप्पर: कौले, वासे, पन्हळी आणि कौले जेथे भिंतीला मिळतात ती जागा, कारण डोक्यावरून पाणी येत असताना अंगाला गिलावा करणे निरर्थक आहे. मग पायथा: आजूबाजूची जमीन कालांतराने चढली असेल तर ती उतरवणे आणि पाणी भिंतीपासून लांब नेणे. त्यानंतर दरजांतील सिमेंट काढणे. हे काम हातछिन्नीनेच करायचे, यंत्राने नव्हे. सिमेंट जांभ्याहून कठीण आणि घट्ट असल्यामुळे ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही. ती चिऱ्यातून बाहेर पडते आणि चिरा दरजेच्या आत खोल खंगतो. दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि चिरे मागे गेलेले, अशी भिंत पाहिली की तेथे सिमेंट वापरले आहे हे मी लांबूनच ओळखतो. सांध्यांत रुजलेली वड-पिंपळाची रोपे मुळासकट मारावी लागतात, नुसती उपटली तर ती पुन्हा फुटतात. जेथे लोणा जास्त आहे तेथे कागदाच्या ओल्या लगद्याचे लेप देऊन, ते सुकू देऊन, पुन्हा काढून, असे अनेकदा करून क्षार उतरवावे लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळले तर पहिल्याच वर्षी गिलाव्यावर डाग उमटतात.

चुन्याविषयी मी आग्रही आहे. दगडी किंवा शिंपल्यांची चुनकळी, म्हणजे भाजलेला चुना, पाण्यात विरवून, गाळून, किमान काही महिने पाण्याखाली मुरवलेला चुना घ्यावा. बाजारातील पिशवीतली कोरडी भुकटी, जिने हवा आधीच खाल्लेली असते, तिच्यावर अशा कामात विसंबून राहू नये. वाळू गोड्या पाण्याची, धुतलेली, बारीक-जाड कणांची मिश्र असावी. खाडीची वाळू म्हणजे क्षार विकत आणणे. साधारण एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, आणि गोव्याच्या दमट हवेत लवकर पकड यावी म्हणून थोडी सुरखी, म्हणजे नीट भाजलेल्या विटेची बारीक पूड. हे मिश्रण घाणीत मळलेले असावे. पूर्वी बैल फिरवून चुन्याची घाणी चालत असे, आज यंत्राची दगडी चाके चालतील, पण मळण्याला पर्याय नाही. गूळ, बेल, हिरडा यांचे पाणी घालण्याची पद्धत मला माहीत आहे आणि योग्य जागी मी ती वापरतोही. परंतु त्याच्याभोवती जे गूढ निर्माण केले जाते त्याची गरज नाही, कारण चुना खराब असेल तर गूळ त्याला वाचवत नाही.

गिलावा पातळ थरांत द्यावा आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाच्या सावलीत सावकाश सुकू द्यावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि या क्रियेला ओलही लागते आणि वेळही. कडक उन्हात झटकन सुकलेला चुना कधीच घट्ट होत नाही. हंगाम पावसानंतर नोव्हेंबर ते मार्च हाच. पण याच हंगामात फेस्त आणि सर्वाधिक गर्दी असते, म्हणून एका वेळी एकच भिंत घ्यावी. संतांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दशकातून एकदा असते आणि ते नुकतेच नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाले. म्हणजे घाई न करता काम करण्यासाठी आज काही वर्षांचा अवकाश उपलब्ध आहे आणि तो वाया जाऊ नये. सुरुवात दर्शनी भागापासून करू नये. मागच्या बाजूला फारशा नजरेत न येणाऱ्या भिंतीवर तीन-चार वेगवेगळ्या मिश्रणांचे नमुने द्यावेत, ते दोन पावसाळे पाहावेत, भिंतीतील ओल मोजावी आणि मगच पुढे जावे. दर्शनी भागाचा निर्णय सर्वांत शेवटी व्हावा. तेथे कोरीव दगडाचे प्रमाण जास्त आहे आणि त्या दगडाच्या कडांशी, सांध्यांत आणि खळग्यांत जुन्या चुन्याचे जे अवशेष सापडतील त्यांची जाडी आणि रंग तपासूनच कोठे गिलावा द्यायचा आणि कोठे दगड मोकळा सोडायचा हे ठरवावे.

सिमेंटविषयी एक अनुभव सांगतो. किनाऱ्यालगतच्या एका गावात जांभ्याचे जुने छोटे कपेल, म्हणजे प्रार्थनाघर, होते. चुन्याचा गिलावा वरचेवर करावा लागतो म्हणून कोणीतरी ‘कायमचा उपाय’ म्हणून सिमेंटचा गिलावा करून घेतला. चार पावसाळ्यांनंतर मला बोलावले गेले तेव्हा गिलावा हाताच्या तळव्याएवढ्या आणि त्याहून मोठ्या ढलप्यांनी सुटत होता आणि प्रत्येक ढलपीच्या पाठीला चिऱ्याचा बोटभर जाड थर चिकटून येत होता. ओल आत कोंडली होती आणि गिलावा दगडाला सोबत घेऊन पडत होता. ती भिंत आम्ही वाचवली, पण तिची गेलेली जाडी परत आली नाही. म्हणून बॉम जीझसच्या बाबतीत कोणी ‘चुन्यात थोडे सिमेंट घालू, म्हणजे टिकेल’ असे म्हणाले तर त्याला ठामपणे नकार द्यावा. दर काही वर्षांनी चुन्याची सफेती करावी लागेल, अधूनमधून गिलाव्याचे ठिगळ द्यावे लागेल, आणि त्यासाठी चुना जाणणारे गवंडी कायम हाताशी लागतील. हा खर्च मान्य करूनच या कामात उतरावे.

दुर्लक्ष झाले तर काय होते हे पाहायला लांब जावे लागत नाही. बॅसिलिकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर संत ऑगस्टीन यांच्या चर्चचा भग्न मनोरा उभा आहे. धार्मिक संघांवर बंदी आल्यावर १८३५ मध्ये ते चर्च सोडून दिले गेले, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. तोही जांभाच होता.

आपण कुटुंबासह जाणार आहात, तेव्हा प्रथम समोरच्या से कॅथेड्रलच्या पांढऱ्या भिंतींकडे पाहावे आणि मग वळून बॅसिलिकेकडे पाहावे, म्हणजे चुना असलेली आणि नसलेली इमारत एकाच उजेडात दिसेल. दर्शनी भागासमोर बरेच मागे उभे राहून वसईचा काळा दगड कोठून कोठे जातो ते मुलांना बोटाने दाखवावे. मग उत्तरेच्या बाजूने, भिंतीला टेकलेल्या आधारांच्या कडेने, चालत मागे जावे. पाऊस नुकताच संपलेला असेल तर भिंतीच्या पायथ्याशी तांबड्या भुकटीची एक बारीक रेघ साचलेली दिसेल. ती भुकटी म्हणजे त्या पावसाळ्यात गळून पडलेली भिंत. भिंतीला हात लावू नये. ओल्या हंगामानंतर बोटाच्या स्पर्शानेही कण सुटतात. त्यानंतर आत जावे, डोळे अंधाराला सरावेपर्यंत दाराशीच थांबावे आणि मग वेदीकडे पाहावे.